शेवटच्या पानावरचा शिक्का



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या सरांनी मला शाळेत जीवशास्त्र शिकवलं. वर्गाच्या भिंतीवर पेशीचा एक मोठा तक्ता होता. मधोमध जांभळं केंद्रक, त्याला लगटून आंतर्द्रव्यजालिकेच्या घड्या, शेजारी पोळ्यांच्या चवडीसारखं गॉल्जी संकुल, इकडेतिकडे लयकारिका आणि सगळ्यांभोवती पेशीपटलाची ठळक रेघ. सर छडीचं टोक एकेका खोलीवर ठेवत आणि तिथे कोणतं काम चालतं ते सांगत. एक दिवस मी विचारलं, "सर, जालिकेतलं प्रथिन जालिकेतच का राहतं? ते गॉल्जीत का निघून जात नाही?" सर बराच वेळ तक्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मला ठाऊक नाही. पुस्तकातही नाही. वही काढ आणि प्रश्न लिहून ठेव."

ते १९७४ साल होतं. त्याच वर्षी जॉर्ज पॅलाड यांना अल्बेअर क्लॉड आणि क्रिस्तियाँ द द्यूव यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळालं. पॅलाड मूळचे रोमानियाचे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनिपिगच्या स्वादुपिंडातल्या पेशींना थोडाच वेळ किरणोत्सारी अमिनो आम्ल पुरवलं आणि ते पुढे कुठे कुठे पोचतं याचा माग काढला. आधी जालिका, काही मिनिटांनी गॉल्जी, मग साठवणीच्या पुटिका आणि शेवटी पेशीबाहेर. प्रथिनांचा हा राजमार्ग तोवर कळला होता. पण सगळा लोंढा या मार्गाने पुढे निघालेला असताना काही प्रथिनं आपल्या जागी कशी राहतात, हे त्या वेळी जगात कुणालाच सांगता येत नव्हतं. सर खरं बोलले होते. उत्तर पुढच्या तीसेक वर्षांत तुकड्यातुकड्यांनी सापडत गेलं. त्यांनी प्रश्न लिहायला लावलेल्या वहीतलं ते एक पान आज मी भरून देतो आहे, अशा भावनेने इथे उभा आहे.

सुरुवात पटलापासून करू. पेशीतलं प्रत्येक पटल म्हणजे स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर. त्याची जाडी सुमारे ५ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दोन लाखावा भाग. या थरात प्रथिनं बसतात ती गोधडीतल्या टाक्यासारखी. दोऱ्याचा काही भाग वरच्या अंगाला, काही खालच्या अंगाला आणि मधला तुकडा थरांच्या आरपार. हा आरपार तुकडा साधारण २० अमिनो आम्लांचा, पाण्याला दूर ठेवणारा आणि तेलात रमणारा असतो. माणसाच्या सुमारे २० हजार प्रथिन-जनुकांपैकी पाव हिस्सा अशा टाक्याच्या प्रथिनांसाठी राखलेला आहे. नसांतून संदेश जातो, आतड्यातून साखर शोषली जाते, मूत्रपिंडात मीठ परत शोषलं जातं, ते सगळं यांच्यामुळे. यांतली बहुतेक प्रथिनं जालिकेतच घडतात आणि घडतानाच तिच्या पटलात टाचली जातात. म्हणजे जन्मगाव सगळ्यांचं एक, पण राहण्याची ठिकाणं निरनिराळी.

शिवाय ही ठिकाणं स्थिर नाहीत. तक्त्यावरची रेघ पाहून आपल्याला भिंत आठवते. पेशीत भिंत नसते. एका पटलाचा फुगवटा येतो, तो खुडला जाऊन पुटिका होते आणि ती दुसऱ्या पटलाला मिळून जाते. जंतू गिळणाऱ्या आपल्या महाभक्षी पेशीचं उदाहरण घ्या. ती आपल्या बाहेरच्या पटलाइतकं क्षेत्रफळ दर अर्ध्या तासाला आत ओढून घेते आणि तितकंच परत बाहेर पाठवते. ज्या घराच्या भिंती अर्ध्या तासात बदलतात, त्या घरात कोण कुठल्या खोलीत राहतं हा प्रश्न किती अवघड आहे ते लक्षात घ्या. माझ्या मते पेशीविज्ञानातला हा सर्वांत सुंदर प्रश्न आहे. शाळेच्या पुस्तकांत तो विचारलाच जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सुरुवातीला अंदाज असा होता की जालिकेतली प्रथिनं तिथे कशाला तरी घट्ट चिकटून राहत असतील. १९८७ मध्ये केंब्रिजच्या मॉलिक्युलर बायॉलॉजी प्रयोगशाळेत शॉन मन्रो आणि ह्यू पेलम यांच्या लक्षात एक साधी गोष्ट आली. जालिकेच्या पोकळीत राहणाऱ्या तीन निरनिराळ्या प्रथिनांच्या अगदी शेवटची चार अमिनो आम्लं तीच होती आणि त्याच क्रमाने होती: लायसिन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल, ग्लुटामिक आम्ल, ल्युसिन. जीवरसायनशास्त्रात प्रत्येक अमिनो आम्लाला एक रोमन अक्षर दिलेलं आहे. त्या अक्षरांवरून या चौकडीला आम्ही 'केडेल' म्हणतो. मन्रो आणि पेलम यांनी एका प्रथिनाची ही शेपटी कापली. ते पेशीबाहेर वाहून गेलं. मग त्यांनी लायसोझाइम घेतलं. हे अश्रूंत आणि अंड्याच्या पांढऱ्यात असणारं, बाहेर टाकलं जाण्यासाठीच घडलेलं प्रथिन. त्याला ही शेपटी जोडताच ते जालिकेत मुक्कामाला राहिलं. चार अक्षरांनी पत्ता बदलला.

इथवर झालं ते उत्तम. पुढच्या वर्षी पेलम यांनी जे केलं, ते ऐकताना आजही माझ्या अंगावर शहारा येतो. त्यांनी विचारलं: हे प्रथिन जालिका कधीच सोडत नाही, की सोडून जातं आणि परत येतं? बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसणार. त्यांनी लयकारिकेत जाणारं एक विकर निवडलं. जालिकेतून निघून गॉल्जीच्या उंबरठ्यावर पोचलं, की त्याच्या अंगावर साखर आणि फॉस्फेटची एक विशिष्ट खूण चढते. ही खूण जालिकेत चढूच शकत नाही. त्याला केडेलची शेपटी जोडली. विकर सापडलं जालिकेत, आणि त्याच्या अंगावर खूण होती गॉल्जीची! म्हणजे ते जाऊन आलं होतं.

आपण बसलो आहोत ते वाचनालय आहे, म्हणून इथलंच उदाहरण देतो. वाचनालयाचा शिक्का पहिल्या पानावर असतो आणि आतल्या एका ठरलेल्या पानावरही असतो. शिक्का आहे म्हणून पुस्तक कपाटाबाहेर जायचं थांबत नाही. ते घरोघर फिरतं, गाडीत विसरलं जातं, रद्दीत जाऊन पडतं. पण ज्याच्या हाती लागेल त्याला ते कुणाचं आहे हे कळतं, आणि पुस्तक परत येतं. केडेल हा प्रथिनाच्या शेवटच्या पानावरचा शिक्का आहे. तो वाचणारं ग्राही प्रथिनही पुढे सापडलं. गॉल्जीतलं वातावरण किंचित आम्लधर्मी असतं, तिथे हे ग्राही केडेलला पकडतं. जालिकेत ती आम्लता नसते, तिथे पोचल्यावर त्याची पकड सुटते. प्रथिन घरी उतरतं आणि ग्राही पुढच्या फेरीला निघतं.

पटलात टाचलेल्या प्रथिनांची गोष्ट याहून सरळ आहे. त्यांची शेपटी पटलापलीकडे, पेशीद्रवात लोंबत असते, त्यामुळे शिक्का वाचायला मधला माणूस लागत नाही. या शिक्क्याची ओळख आपल्याला एका विषाणूने करून दिली. अ‍ॅडेनोविषाणू पेशीत शिरला की तो स्वतःचं एक प्रथिन जालिकेच्या पटलात बसवतो. रोगप्रतिकार पेशींना "आत कोणी घुसलं आहे" असं दाखवणारे आपले जे फलक-रेणू असतात, त्यांना हे प्रथिन जालिकेतच धरून ठेवतं. फलक बाहेर लागत नाही आणि घुसखोर लपून राहतो. १९८९ मध्ये तोमी निल्सन, मायकेल जॅक्सन आणि पेर पीटरसन यांनी या प्रथिनाची शेपटी तपासली. शेवटून तिसऱ्या आणि चौथ्या जागी लायसिन, दोन्ही जागा मोक्याच्या. ती बदलली की प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर निघून जातं. विषाणूने ही युक्ती उसनी घेतली होती. आपल्या जालिकेतल्या कितीतरी स्वतःच्या प्रथिनांच्या शेपटीवर तोच जोड-लायसिनचा शिक्का आहे.

तो वाचतं कोण? कोटोमर नावाचा सात प्रथिनांचा एक संच. गॉल्जीच्या पटलावर तो अस्तरासारखा बसतो, पटलाला बाक देतो आणि पुटिका खुडून मागे जालिकेकडे पाठवतो. अस्तर चढलेल्या या पुटिका १९८९ मध्ये पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वेगळ्या करण्यात आल्या. जेम्स रॉथमन यांच्या गटाच्या त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक भारतात जन्मलेले विवेक मल्होत्रा होते. कोटोमरचा एखादा भाग बिघडलेलं यीस्ट घेतलं, की जोड-लायसिनची प्रथिनं मागे फिरत नाहीत, हे १९९४ मध्ये दिसलं. शिक्का आणि टपाल यांची गाठ तिथे पक्की झाली.

एक गोष्ट पुण्याच्या आणि आपल्या सगळ्यांच्या संबंधातली आहे, ती सांगतो. करोनाविषाणूचं ते काट्याचं प्रथिन आठवा. १२७३ अमिनो आम्लांचं हे प्रथिन पटलात टाचलेलं असतं आणि त्याच्या शेवटच्या पाच अक्षरांत अशाच परतीच्या शिक्क्याचं एक रूप आहे. करोनाविषाणूची बांधणी पेशीच्या पृष्ठभागावर होत नाही. ती जालिका आणि गॉल्जी यांच्या मधल्या पट्ट्यात होते. काटा पुढे निघून जाऊ नये, बांधणीच्या जागी मागे यावा, यासाठी हा शिक्का उपयोगी पडतो. आता कोव्हिशील्ड आठवा, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली आणि इथे बसलेल्या बहुतेकांच्या दंडात गेलेली. तिचं वाहन चिंपांझीचा अ‍ॅडेनोविषाणू. लस तयार करताना त्याचे दोन जनुकभाग काढून टाकले होते. त्यांतला ई-३ हा भाग म्हणजे फलक-रेणूंना अडकवणाऱ्या प्रथिनाचं अ‍ॅडेनोविषाणूतलं घर. रिकाम्या झालेल्या जागेमुळे करोनाच्या संपूर्ण काट्याचं जनुक, शेपटीसकट, तिथे मावलं. पत्त्यांच्या शास्त्रातले दोन धडे एका कुपीत होते, आणि आपण ते टोचून घेतले.

गॉल्जीकडे वळू. १८९८ मध्ये कामिल्लो गॉल्जी यांनी घुबडाच्या मेंदूत हे जाळं पाहिलं, तेव्हापासून अर्धशतकाहून अधिक काळ ते खरं की रंग चढवण्यातला दोष यावर वाद चालला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तो मिटवला. गॉल्जीत प्रथिनांवर साखरेच्या साखळ्या चढतात, आणि क्रमाने चढतात. तुमचा रक्तगट ए की बी, हे गॉल्जीच्या पटलात टाचलेलं एक विकर शेवटी कुठली साखर लावतं त्यावर ठरतं. या विकरांच्या शेपटीवर जोड-लायसिनचा शिक्का बहुधा नसतो. त्यांचं रहस्य टाक्याच्या लांबीत सापडलं. जालिकेपासून बाहेरच्या पटलाकडे जावं तसं कोलेस्टेरॉलचं प्रमाण वाढत जातं आणि पटल जाड होत जातं. गॉल्जीतल्या विकरांचा आरपार तुकडा बाहेरच्या पटलातल्या प्रथिनांपेक्षा चार-पाच अमिनो आम्लांनी आखूड असतो. आखूड टाका जाड गोधडीत बसत नाही, म्हणून ही विकरं जाड पटलाच्या पुटिकांत शिरत नाहीत, असं मार्क ब्रेचर आणि मन्रो यांनी १९९३ मध्ये सुचवलं. लांबीचा हा फरक पुढे मोठ्या तुलनेतून खरा ठरला. पण सगळं उत्तर त्यात नाही. २००८ मध्ये यीस्टमध्ये असं एक प्रथिन सापडलं की जे या विकरांची छोटी शेपटी ओळखून त्यांना कोटोमरच्या हवाली करतं. माणसातल्या त्याच्या भावंडाच्या जनुकाच्या जादा प्रती अनेक कर्करोगांत आढळतात.

२००६ मध्ये शिकागोचा बेंजामिन ग्लिक यांचा गट आणि जपानमधला अकिहिको नाकानो यांचा गट, दोघांनी जिवंत यीस्टमध्ये गॉल्जीची एकेक पोळी वेगळी पाहिली. यीस्टमध्ये या पोळ्या चवडीत नसतात, विखुरलेल्या असतात, म्हणून ते जमलं. सुरुवातीच्या विकराला एक रंग, उशिराच्या विकराला दुसरा. पाहता पाहता त्याच पोळीचा रंग बदलला. म्हणजे पोळी स्वतःच पुढे सरकते आणि विकरं मागून येणाऱ्या पोळीवर परत नेली जातात. शाळेत 'गॉल्जीत राहणारं विकर' असं शिकवतात, तेव्हा ते बिचारं आयुष्यभर उलट्या प्रवाहात पोहत असतं. माझं ठाम मत आहे की पेशीच्या तक्त्यावर जितके बाण पुढे काढतात, तितकेच मागे काढले पाहिजेत.

सगळीच जागा-राखण परतीच्या वाटेने होते असं मात्र नाही. केंद्रकाच्या आतल्या पटलातली प्रथिनं जालिकेतून सरपटत तिथवर येतात आणि केंद्रकातल्या सांगाड्याला, गुणसूत्रांना धरून बसतात. १९९७ मध्ये प्रथिनाला चमकता रंग जोडून तो प्रकाशाने विझवून पाहिला तेव्हा असंच एक प्रथिन जालिकेत मोकळं हिंडताना दिसलं आणि केंद्रकाच्या काठाला खिळलेलं दिसलं. चिकटून राहण्याचा जुना अंदाज तिथे खरा निघाला.

आता मधुमेहाकडे येतो, कारण ग्लिमेपिराइडची गोळी घेणारे या सभागृहात नक्की असतील. ही गोळी स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशींच्या पोटॅशियम-मार्गावर काम करते. तो मार्ग आठ तुकड्यांचा असतो: चार एका प्रकारचे, चार दुसऱ्या. अर्धवट बांधलेला मार्ग पृष्ठभागावर पोचला तर विद्युतभाराचा सगळा हिशेब बिघडेल. तो पोचत नाही, कारण प्रत्येक तुकड्यावर आर्जिनिनचा एक 'परत न्या' असा शिक्का आहे. आठही तुकडे नीट जुळले, की एकमेकांच्या अंगाखाली ते शिक्के झाकले जातात, आणि मग कोणी अडवत नाही. लिली जान आणि युह नुंग जान यांच्या प्रयोगशाळेतून १९९९ मध्ये हे समोर आलं. तपासनीस कुणी वेगळा नेमावा लागत नाही. बांधणी पुरी झाल्याची पावती बांधणीतूनच मिळते. इतकी नेकीची व्यवस्था मी दुसरी पाहिलेली नाही.

पण हीच काटेकोरी कधी माणसाच्या जिवावर उठते. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात क्लोराइड वाहून नेणाऱ्या, १४८० अमिनो आम्लांच्या पटलप्रथिनात दोष असतो. त्याचं जनुक १९८९ मध्ये सापडलं. सर्वांत जास्त आढळणारा दोष म्हणजे ५०८व्या जागचं एकच फेनिलअ‍ॅलानिन गळलेलं असतं. घडी थोडी चुकते. जालिकेतली तपासणी ते प्रथिन ओळखते, अडवते आणि मोडीत काढते. फुप्फुसाच्या पेशीच्या पृष्ठभागावर ते पोचतच नाही, चिकट घट्ट कफ साठतो, संसर्ग मागे लागतात. १९९२ मध्ये संशोधकांनी अशा पेशी ३७ अंशांऐवजी थंड तापमानात वाढवल्या. घडी सुधारली, काही प्रथिन पृष्ठभागावर पोचलं आणि तिथे त्याने कामही केलं! अपराध इतकाच होता की ते आपल्या जागी नव्हतं. त्या एका निरीक्षणातून धरलेली दिशा २०१९ मध्ये तीन औषधांच्या एकत्रित गोळीपर्यंत पोचली. यांतली दोन औषधं घडी सावरून प्रथिनाला त्याच्या पत्त्यावर पोचवतात, तिसरं तिथला मार्ग उघडा ठेवतं. अमेरिकेत तिची वर्षाची जाहीर किंमत तीन लाख डॉलरहून अधिक ठेवली गेली. हे मी दुःखाने सांगतो. लोकांच्या पैशावर झालेल्या कित्येक वर्षांच्या संशोधनाचं फळ इतक्या थोड्या मुलांच्या हाती लागावं, हे मला मान्य नाही.

हा गोऱ्या लोकांचा आजार आहे, असं आमच्या पिढीतल्या बहुतेकांना शिकवलं गेलं. तो भारतातही आहे. इथे ५०८चा दोष युरोपाइतका सर्रास आढळत नाही, इतर दोष अधिक आढळतात, आणि निदान फार उशिरा होतं किंवा होतच नाही. वारंवार न्यूमोनिया, तेलकट दुर्गंधी शी, भरपूर खाऊनही न वाढणारं वजन, आणि पापा घेतला की ओठांना लागणारं मीठ: घरातल्या किंवा शेजारच्या कुठल्या बाळात हे दिसलं, तर बालरोगतज्ज्ञांना घामातल्या क्लोराइडची तपासणी करायला सांगा. लिटरमागे ६० मिलिमोल किंवा त्याहून जास्त आकडा आला, की पुढची पावलं ठरलेली आहेत. तपासणीला सुई टोचावी लागत नाही, बाळाच्या हातावरचा थोडा घाम पुरतो.